चार फोन, एक टाळी
सदर : खटपट कट्टा

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांनी घरी गाणं रेकॉर्ड करून पाहिलंय? हात वर करा पाहू! अरे वा, बरेच हात आहेत की. आता सांगा, ते ऐकल्यावर किती जणांना आनंद झाला? का हो, हात खाली का गेले?

काय झालं असेल ते सांगू? बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली. पेटीवाला, तबलेवाला, बासरीवाला आणि गाणारी, अशी चौकडी जमली. मध्ये टीपॉयवर कुणाचा तरी फोन ठेवला, बटण दाबलं. गाणं एकदम झकास झालं. मग सगळे डोकी जवळ आणून ऐकायला बसले, तर काय! तबला धडाधडा, पेटी त्याच्या खालोखाल, गाणारीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. आणि बासरी? बासरी वाजत होती ना रे?

आता तुम्ही म्हणाल, मग बासरीचा आवाज वाढवू. पण वाढवणार कसा? चौघांचे आवाज एकाच फाइलीत पडले, की चहात साखर विरघळली म्हणून समजा. गोड कमी झाला तर साखर घालता येते, जास्त झाला तर काढता येत नाही. हल्ली मिसळलेल्या गाण्यातून आवाज वेगवेगळे काढणारे संगणकाचे प्रोग्रॅमही आलेत. गाणाऱ्याचा आवाज ते बऱ्यापैकी सोडवतात, पण सुटताना आवाजाला ओरखडे उठतात, आणि पेटी-बासरीसारखी एकमेकींत मिसळणारी मंडळी असली तर फारच. त्यापेक्षा साखर वेगळी ठेवलेली बरी नाही का? म्हणजे चौघांनी वाजवायचं एकत्रच, पण प्रत्येकाचा आवाज उतरवायचा वेगळा. यालाच म्हणतात वेगवेगळे ट्रॅक.

शाळेच्या मैदानावर धावण्याच्या शर्यतीसाठी चुन्याच्या पट्ट्या आखतात ना? सगळे एकदम पळतात, पण ज्याची त्याची पट्टी वेगळी. अगदी तसंच.

ही कल्पना आज सोपी वाटते, पण तिथवर पोचायला माणसाला बराच काळ लागला. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला १९३१ साली, मुंबईत. तेव्हा गाणं नंतर रेकॉर्ड करायची सोयच नव्हती. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून गाणार आणि वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे आडोशाला बसून वाजवणार. स्टुडिओच्या शेजारून रेल्वेचे रूळ जात होते, म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर! पुढे कितीतरी वर्षं हिंदी-मराठी सिनेमाची गाणी गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकाच वेळी गाऊन-वाजवून रेकॉर्ड करत. व्हायोलिनच्या ताफ्यात एकाचा गज चुकला तरी सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून! जुनी गाणी ऐकताना हे आठवून बघा, अंगावर काटा येतो.

तिकडे अमेरिकेत लेस पॉल नावाचा एक खटपट्या गिटारवादक होता. (आपल्या कट्ट्यावरचा मानद सभासदच म्हणा ना!) १९४८ साली त्याचं ‘लव्हर’ नावाचं एक गाणं आलं, त्यात आठ गिटारी वाजतात. आठही त्याच्याच! एक गिटार तबकडीवर उतरवायची, ती तबकडी लावून तिच्याबरोबर दुसरी वाजवायची, दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर घ्यायच्या, असं करत करत. पण यात दोन दुखणी होती. प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढायची, आणि एकदा मिसळलेला आवाज पुन्हा कमी-जास्त करता यायचा नाही. साखर विरघळलीच! म्हणून त्याने अँपेक्स कंपनीच्या मागे लागून एका रुंद फितीवर आठ पट्ट्या शेजारी शेजारी रेकॉर्ड करणारं यंत्र बनवून घेतलं. ते १९५७ साली त्याच्या घरी पोचलं. फुटबॉलएवढं असेल असं समजू नका, चांगलं कपाटाएवढं होतं.

हे घरगुती माणसाच्या हाती आलं ते कॅसेटमुळे. घरी माळ्यावर एखादी जुनी कॅसेट असेल तर बघा. ती अरुंद फीत असते ना, तिच्यावरसुद्धा चार पट्ट्या असतात. ‘ए’ बाजूच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या दोन आणि ‘बी’ बाजूच्या दोन. टीअॅक कंपनीने १९७९ साली एक यंत्र काढलं, पोर्टास्टुडिओ. त्याने काय केलं, तर चारही पट्ट्या एकाच दिशेने वापरल्या. कॅसेट उलटी करायची भानगडच नाही, पण घरबसल्या चार वेगळे ट्रॅक! ब्रूस स्प्रिंगस्टीन या प्रसिद्ध अमेरिकन गायकाने १९८२च्या सुरुवातीला असल्याच यंत्रावर घरी काही गाणी उतरवली, नुसती नमुना म्हणून. मग बँडला घेऊन मोठ्या स्टुडिओत तीच गाणी करून पाहिली. पण घरच्या कॅसेटची मजा काही येईना. शेवटी ती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने बाजारात आली.

चला, आता आपल्या चौकडीकडे वळू. आपल्याकडे ना अँपेक्स ना पोर्टास्टुडिओ. पण घरोघरी काय आहे? फोन! आई-बाबांचे, ताईचे, शेजारच्या काकांचे मिळून चार फोन जमवणं काही कठीण नाही. (काकांना आधी नीट विचारा. आणि फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका, नाहीतर समेवर काकांच्या ऑफिसचा फोन यायचा.) प्रत्येकापुढे एकेक फोन ठेवायचा, चारही चालू करायचे आणि गाणं सुरू. झाले चार ट्रॅक!

थांबा थांबा, इतकं सोपं नाही. दोन शत्रू आहेत. एकाचं नाव वेळ, दुसऱ्याचं गळती.

आधी वेळेचं बघू. चार फोनांची बटणं चौघांनी चार वेगवेगळ्या क्षणी दाबली. मग संगणकावर चार फाइली एकाखाली एक मांडल्या तर तबला एकीकडे आणि पेटी भलतीकडेच. यावर सिनेमावाल्यांनी फार पूर्वी उपाय काढून ठेवलाय. तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लॅप तुम्ही पाहिलाच असेल, ‘टक्’ करून वाजवतात तो. आपण त्याऐवजी टाळी वाजवायची. चारही फोन चालू झाले की एकाने मोठ्याने म्हणायचं, “टेक पहिला”, आणि एकच कडक टाळी! मग फाइली संगणकावर उघडल्या की आवाजाच्या लाटांच्या चित्रात टाळीचा उंच सुळका चारही ठिकाणी दिसतो. चारही सुळके एका रेषेत आणा, झाले ट्रॅक एकत्र. यासाठी ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात प्रत्येक ट्रॅक डावीकडे-उजवीकडे सरकवता येतो.

पण टाळी वाजवायची कुठे? इथे खरी गंमत आहे, नीट लक्ष द्या. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १ मीटर जायला त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. (सेकंदाचे हजार तुकडे केले की त्यातला एक म्हणजे मिलिसेकंद.) बासरीवाला तबल्यापासून ३ मीटर दूर बसला असेल तर तबल्याचा ‘धा’ त्याच्या फोनमध्ये ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. आता टाळी तबल्याला अगदी चिकटून वाजवली तर? तीसुद्धा बासरीच्या फोनमध्ये तितकीच उशिरा पोचेल. मग सुळके जुळवताना तो उशीर आपोआप वजा होतो, आणि बासरीच्या ट्रॅकमध्ये शिरलेला तबला खऱ्या तबल्याच्या बरोब्बर खाली येऊन बसतो. शिवाय बासरीवाला तबला ऐकून वाजवतो, म्हणजे त्याला तो ९ मिलिसेकंद उशिराच ऐकू येत होता. तो हिशेबही फिटला! तेव्हा टाळी सगळ्यात दणकट वाद्याशेजारी वाजवायची. तबला असेल तर तबल्याशेजारी.

हे जुळलं नाही तर काय बिघडतं? एकच ‘धा’ दोन ट्रॅकमध्ये काही मिलिसेकंदांच्या फरकाने वाजला की दोन्ही आवाजांच्या लाटा काही ठिकाणी एकमेकींना खोडतात. मग तबला रिकाम्या डब्यावर वाजवल्यासारखा पोकळ लागतो. पुष्कळ जण म्हणतात, फोनचा माइक भिकार आहे. बिचाऱ्या माइकचा काही दोष नसतो.

आता दुसरा शत्रू, गळती. माझ्या मते हाच मोठा शत्रू आहे, आणि पैसे टाकून तो मरत नाही. बासरीपुढचा फोन काही फक्त बासरी ऐकत नाही. तो तबला ऐकतो, पेटी ऐकते तीही त्याला ऐकू येते, गॅलरीतला कावळासुद्धा ऐकू येतो. समजा पेटीवाल्याने अंतऱ्यात एक सूर भलताच लावला. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, पेटीचा ट्रॅक वेगळा आहे, तेवढा तुकडा गप्प करू. गप्प केला, तरी तोच चुकीचा सूर गाणारीच्या ट्रॅकमधून भुतासारखा डोकावतो! चार फायली झाल्या म्हणजे चार आवाज वेगळे झाले असं नाही. ते वेगळे होतात खोलीत, बसण्याच्या जागेने.

म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी ‘भूत-परीक्षा’ घ्या. चारही फोन चालू करायचे आणि फक्त तबलेवाल्याने दहा सेकंद वाजवायचं, बाकी सगळे चिडीचूप. मग बासरीच्या फोनवरचं रेकॉर्डिंग ऐका. तबला जोरात येतोय? जागा बदला, पुन्हा ऐका. मग फक्त पेटी, मग फक्त गाणं. यात अर्धा तास जाईल, पण हा अर्धा तास जो काटकसरीने वापरेल तो पुढे चार तास डोकं धरून बसेल.

जागा बदलायची कशी? याचा एक सोपा अंदाज ध्वनिमुद्रक मंडळी वापरतात. तुमच्या वाद्यापासून तुमचा फोन जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट दूर दुसऱ्याचा फोन असावा. बासरीपासून फोन एक वीत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटरवर ठेवला, तर दुसऱ्याचा फोन ६० सेंटिमीटरच्या पलीकडे हवा. आवाजाचा दाब अंतराच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट केलं की दाब निम्मा, तिप्पट केलं की एक तृतीयांश. पण तबला जात्याच बासरीपेक्षा दणकट, म्हणून त्याला तिप्पट पुरत नाही. त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकालाच पाठवा. फोन इकडेतिकडे वळवून मात्र फारसा उपयोग होत नाही, कारण फोनच्या माइकला जवळजवळ सगळ्या बाजूंनी सारखंच ऐकू येतं.

आणि भिंती? रिकाम्या भिंतींवरून आवाज उड्या मारतो, मग अंतराचा सगळा हिशेब कोलमडतो. त्यावर रामबाण औषध म्हणजे गोधड्या! कपडे वाळत घालायच्या स्टँडवर दोन जाड गोधड्या टाका आणि तो तबला आणि बासरी यांच्यामध्ये उभा करा. तबल्याच्या चाटीचा टणत्कार त्या बराचसा गिळतात. बायाँचा घुमारा मात्र गोधडीला जुमानत नाही, तो येणारच. कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडी ठेवली तरी फायदा होतो. फरशीवर सतरंजी हवीच. पंखा बंद, फ्रिज थोडा वेळ बंद (नंतर चालू करायला विसरू नका, नाहीतर रेकॉर्डिंगपेक्षा आईचा आवाज मोठा येईल), आणि कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यावरची वेळ गाठा.

स्टँड एवढ्याच उंचीचा ठेवा की बसल्यावर त्याच्यावरून एकमेकांचे चेहरे दिसतील. हे मी मुद्दाम सांगतोय. कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, चौघांना चार खोल्यांत बसवा, नाहीतर एकेकाचं वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करा, कानात आधीचं ऐकत ऐकत. सिनेमाची गाणी हल्ली पुष्कळदा तशीच होतात. गळतीच नाही! पण मला विचाराल तर आपल्या गाण्याला ते मानवत नाही. गाणारी समेवर येताना मान किंचित हलवते, ते बघून तबलेवाला तिहाई टाकतो. बासरीवाला गाणारीचा श्वास बघून जागा भरतो. चार खोल्यांत हे व्हायचं कसं? थोडी गळती चालेल, पण डोळ्याला डोळा दिसला पाहिजे.

अपवाद एकच, टाळ-झांजवाला. तो कुठेही बसला तरी चारही ट्रॅकमध्ये हजर! त्याची जागा खोलीत नाही. त्याने आधी झालेलं गाणं हेडफोनने ऐकत आपला पाचवा ट्रॅक मागाहून वाजवायचा. रुसला तर त्याला टाळी वाजवायचा मान द्या. तानपुऱ्याचं अॅपही स्पीकरवर लावू नका, तो सूर सगळीकडे पसरेल. गाणारीने एका कानात इयरफोन घालून तो ऐकावा, आणि तानपुरा शेवटी संगणकावर मिसळावा.

फोन नेमके कुठे ठेवायचे तेही बघून घेऊ. बासरीच्या फुंकीसमोर ठेवलात तर नुसतं ‘फू फू’ ऐकू येईल. थोडा वर आणि बाजूला ठेवा. पेटीवर फोन ठेवायचा मोह आवरा, कारण लाकडाची थरथर थेट फोनमध्ये जाते. पेटीपासून दीड वीत पुढे, पट्ट्यांच्या बाजूला, उशीवर ठेवा. भात्यापासून दूर. तबल्याला मात्र फार जवळ जाऊ नका. अर्धा मीटर वर, दायाँ आणि बायाँ यांच्या मधोमध, पुस्तकांच्या थप्पीवर. फार जवळून जोरदार थाप बसली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. एक मात्र करा, रेकॉर्डिंगचं अॅप असं निवडा की ज्यात आवाज आपोआप कमी-जास्त करणं आणि मागचा गोंगाट कापणं बंद करता येतं. फोन मुळात बोलणं टिपायला बनवलेला. त्याला तानपुऱ्याचा सूर म्हणजे पंख्याची घरघर वाटू शकते!

झालं? नाही, अजून एक भानगड उरली. आणि ती फार मजेदार आहे. प्रत्येक फोनच्या पोटात एक स्फटिकाचं घड्याळ असतं. ते सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने मोजून घेतं. (काही अॅप ४४,१०० घेतात. चारही फोनवर एकच आकडा ठेवा.) पण कुठलीही दोन घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. समजा, एका फोनने ४८,००० मोजले तेवढ्यात दुसऱ्याने ४८,००२ मोजले. एवढ्याने काय होतंय? पाच मिनिटांच्या गाण्यात साडेबारा मिलिसेकंदांचा फरक, तो कुणाला कळायचा नाही. पण वीस मिनिटांचं भजन असेल तर शेवटी तो ५० मिलिसेकंदांवर जातो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची, म्हणजे तबला आणि पेटी यांच्यात मात्रेच्या पाचव्या हिश्शाएवढी फट! सुरुवात जुळलेली आणि शेवट घसरलेला. तबलेवाल्यावर उगीच आळ यायचा.

म्हणून गाणं संपल्यावर, फोन बंद करायच्या आधी, त्याच जागी पुन्हा एक टाळी वाजवायची. पहिली टाळी जुळवल्यावर शेवटची जुळते का ते बघायचं. जुळत नसेल तर मध्ये जिथे त्या वाद्याने विश्रांती घेतली आहे तिथे ट्रॅक कापा आणि पुढचा भाग केसभर सरकवा. दोन-तीन ठिकाणी असं केलं की काम भागतं.

ही घड्याळांची भानगड मुळातच नको असेल तर एकच यंत्र वापरावं लागतं. चार माइक लावता येतील असा ऑडिओ इंटरफेस नावाचा डबा मिळतो. त्यात सगळे माइक एकाच घड्याळावर चालतात. पण एका संगणकाला दोन यूएसबी माइक जोडून तेच होईल असं समजू नका. त्या दोघांची घड्याळं पुन्हा वेगवेगळीच, आणि ऑडॅसिटी तर एका वेळी एकाच यंत्राकडून आवाज घेतं. घरी डाव्या-उजव्या माइकची वेगळी भोकं असलेला जुना स्टिरिओ डेक असेल तर मात्र तुमची चैन आहे. डाव्यात गाणं, उजव्यात तबला, आणि दोन ट्रॅक एका फितीवर, एकाच घड्याळावर!

आता संगणकावर बसा. चारही ट्रॅक जुळवून झाले की प्रथम तबला अगदी खाली आणा आणि बासरी थोडी वर. बघा, आली की नाही! गाणारीचा आवाज मधोमध ठेवा, पेटी किंचित डावीकडे, बासरी किंचित उजवीकडे. पेटीवाल्याचा तो चुकलेला सूर स्थायीच्या ओळीवर असेल तर तीच ओळ पुढे पुन्हा आलेली असते. लय तशीच असेल तर तिथला तुकडा उचलून इथे लावून बघा. भूत-परीक्षा नीट दिली असेल तर सांधा कळणारसुद्धा नाही.

हे सगळं करायच्या आधी चारही मूळ फायलींची एकेक प्रत वेगळी ठेवा. त्यांना नावं द्या: ‘तबला टेक १’, ‘बासरी टेक १’, अशी. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ म्हणजे काय ते पुढच्या रविवारी कुणाला आठवत नाही. तयार गाण्यातून दोन्ही टाळ्या कापून टाका, मूळ फायलींत मात्र राहू द्या. टाळवाला आपला पाचवा ट्रॅक घेऊन येईल तेव्हा पुन्हा लागतील.